पहाटेचा ट्रॅक्टर : नवशिक्यांसाठी सुलभ मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

ज्यांच्याकडे जुना ट्रॅक्टर आहे, ज्यांना तो ऐन थंडीत पहाटे पाचला चालू करायचा आहे आणि ज्यांच्या ट्रॉलीत लाल कांदा आदल्या रात्रीच भरून ठेवलेला आहे, अशा सर्वांसाठी. नवा ट्रॅक्टर असलेल्यांनी वाचायची गरज नाही. त्यांनी किल्ली फिरवावी आणि हप्ता भरावा.

नमुन्यादाखल निफाड तालुका घेतला आहे. राज्यात गारठा वाढला की वर्तमानपत्रात निफाडचं नाव ठरलेलं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा सकाळी मोबाइलवर फिरतो, मग आपल्याला किती थंडी वाजतेय ते लोकांना कळतं. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस हा आकडा १.८ अंशांवर गेला होता. अशा रात्री बागायतदार द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून जागतात. ट्रॅक्टरसाठी कुणी जागत नाही. तो बांधाच्या कडेला उघड्यावर उभा असतो आणि त्याची आठवण लासलगावच्या कांदा बाजाराला निघायच्या वेळी होते.

जुना ट्रॅक्टर कशाला म्हणावं? आयशरने फरिदाबादला देशी बनावटीचा पहिला ट्रॅक्टर १९५९ साली काढला. पिंजोरच्या एचएमटीचे झेटर १९७१ पासून आले, स्वराज ७२४ आला १९७४ साली. या पिढीतले आणि त्यांच्या मागून आलेले कितीतरी गडी अजून कामावर आहेत. पण वयापेक्षा लक्षणं बघावीत. डॅशबोर्डवरचे सगळे काटे एकमताने शून्यावर असतील, सीटच्या जागी गोणपाटाची घडी असेल आणि आरसी बुकावर आजोबांचं नाव असेल, तर तो जुना.

थोडी विद्या

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातली हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या आसपास तापते आणि वरून नोझलने डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेट घेतं. सगळं गणित त्या दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर आहे.

आता पहाटेची गोष्ट. आत घेतलेली हवाच दोन-तीन अंशांची. लायनर, पिस्टन, हेड म्हणजे बर्फासारखं गार लोखंड, ते तापलेल्या हवेतली उष्णता ओढून घेतं. त्यात इंजिन हळू फिरलं तर हवेला झिजलेल्या रिंगांमधून निसटायला भरपूर वेळ मिळतो. दाब कमी, उष्णता कमी, पेट नाही.

म्हणून जुन्या ट्रॅक्टरला थंडीत तीनच गोष्टी लागतात : जोराचा फेरा, अखंड डिझेल आणि थोडी ऊब. न लागणारा प्रत्येक ट्रॅक्टर यांतल्या एका गोष्टीपायी अडलेला असतो. चौथं कारण म्हणजे पाहुण्याची नजर लागणे. त्यावर उपाय म्हणून पुढे लिंबू-मिरची आधीच बांधलेली आहे, तेव्हा ते कारण बाद धरावं.

साहित्य

१७ चा आणि १९ चा पाना, स्क्रू ड्रायव्हर, पकड, पॉलिश पेपरचा तुकडा, जुनं फडकं, बॅटरी (हातातली, ट्रॅक्टरमधली नंतर येते), कानटोपी. यांतलं काहीही टूल बॉक्समध्ये सापडणार नाही. टूल बॉक्समध्ये असतो तुटलेला शिअर बोल्ट, मागच्या साली संपलेल्या विम्याची प्रत आणि तंबाखूची रिकामी पुडी. पाने शेजारच्यांकडे आहेत. ते तुमचेच आहेत.

पायरी १ : गर्दीचं व्यवस्थापन

पहिला सेल, म्हणजे सेल्फ स्टार्टर, मारताच आवाज गावभर जातो. दुसऱ्या सेलला आबा येतात, तिसऱ्याला नाना. पाचव्या सेलपर्यंत सात-आठ माणसं मफलर गुंडाळून उभी असतात आणि प्रत्येकाचं निदान वेगळं असतं. आबा म्हणतात, “पंप गेला.” नाना म्हणतात, “नोझल.” ज्यांनी आपला ट्रॅक्टर दहा वर्षांपूर्वी विकला ते म्हणतात, “इंजिन बोअरला आलंय, काढून टाक.” लक्षात घ्या, खर्चाचा आकडा आणि सल्लागाराचा दुरावा यांचं प्रमाण सम असतं. स्वतःच्या भावाने सुचवलेली दुरुस्ती नेहमी स्वस्त निघते, कारण त्यात त्याचाही हिस्सा आहे.

कुणालाही दुखवू नये. पुढे ढकलायला हीच माणसं लागणार आहेत.

पायरी २ : जे विचारायला लाज वाटते ते आधी तपासा

डिझेल आहे का? गेजवर जाऊ नका. टाकीचं झाकण काढून काडी बुडवा आणि ती कुठवर ओली झाली ते पाहा.

डिझेलचा कॉक उघडा आहे का? रात्री चोरीच्या भीतीने कुणीतरी बंद केलेला असतो. तो “कुणीतरी” शेवटपर्यंत सापडत नाही.

गिअर न्यूट्रलला आहे का? पीटीओ सुटलेला आहे का?

आणि सर्वांत महत्त्वाचं, स्टॉप आत गेला आहे का? जुना ट्रॅक्टर किल्लीने बंद होत नाही. डॅशबोर्डखाली एक तार असते, ती ओढली की पंपाचं डिझेल तुटतं. तारेच्या टोकाला कारखान्यातून आलेलं काळं बोंड कधीच गळून पडलेलं असतं. त्या जागी तार दुमडून तिच्यात चपलेच्या रबराचा तुकडा ओवलेला असतो, बोटं कापू नयेत म्हणून. रात्री बंद करताना तो तुकडा ओढला, पण थंडीत तारेवरचं ग्रीस आळलं आणि ती अर्ध्यातच अडकून राहिली, तर सकाळी इंजिन कितीही फिरवा, डिझेलचा थेंब जाणार नाही. पंपाजवळ जाऊन तारेच्या दुसऱ्या टोकाची दांडी हाताने मागे ढकलून बघा. बऱ्याच गावांत पंप खोलून झाल्यावर ही दांडी बघतात. आपण क्रम उलटा ठेवू.

पायरी ३ : सेलचा आवाज ऐका

किल्ली फिरवा आणि सर्वांना गप्प राहायला सांगा. आवाज चार प्रकारचे असतात.

*काहीच नाही.* टर्मिनल सुटलंय, बॅटरी पार उतरलीय किंवा स्विचची वायर निघालीय. काही ट्रॅक्टरांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल लागतच नाही, हेही आठवा.

*कट-कट-कट.* सोलेनॉइड हजेरी देतोय, पण मोटर फिरवायला बॅटरीत दम नाही. हॉर्न दाबा. तो नेहमीसारखा खणखणीत वाजला तर बॅटरी बहुधा ठीक आहे आणि टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा साचलाय. बिचकत वाजला तर बॅटरीच बसली. भुगा गरम पाण्याने धुवा, टर्मिनल पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, घट्ट आवळा. काढताना आधी अर्थिंगची वायर काढायची, लावताना ती शेवटी लावायची. अर्थिंगचं दुसरं टोक जिथे चेसीला बसतं तिथला गंज आणि रंगही घासा. रंगरंगोटीच्या उत्साहात तो बोल्टही रंगवलेला असतो. ट्रॅक्टर देखणा होतो आणि करंट अडतो.

*घुर्रर्र… घुर्रर्र… घु…* जुन्या ट्रॅक्टरचा थंडीतला हा खास आवाज. शून्याच्या आसपास बॅटरीची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने तरी घटते, तीही बॅटरी नवी आणि पूर्ण भरलेली असेल तर. दुसऱ्या बाजूने चेंबरमधलं ऑइल घट्ट होतं आणि इंजिन फिरवायलाच जास्त जोर लागतो. म्हणजे एका बाजूने मिळकत घटली आणि दुसरीकडे खर्च वाढला. शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नसावी.

इथे टेपचा विषय काढणं भाग आहे. ट्रॅक्टरवर चार स्पीकर, अँप्लिफायर आणि रंग बदलणाऱ्या लाइटची माळ असेल, तर रात्री कांदे भरताना ती दोन-तीन तास इंजिन बंद ठेवून वाजली होती का, याची चौकशी करावी. उत्तर “थोडा वेळच” असं येईल. थोडा वेळच म्हणजे पूर्ण कॅसेट.

*झ्यूंऽऽऽ.* मोटर जोरात फिरते, इंजिन जागचं हलत नाही. बेंडिक्सचा दाता फ्लायव्हीलच्या रिंगेत गुंतत नाहीये. यात एक मौज आहे. इंजिन बंद होताना कुठल्या तरी सिलिंडरच्या दाबावर अडून थांबतं, त्यामुळे तीन सिलिंडरचं इंजिन बहुतेक वेळा ठरलेल्या तीन जागांपैकी एकीवर थांबतं आणि चार सिलिंडरचं दोहोंपैकी एकीवर. सेलचा मार वर्षानुवर्षं तिथेच बसतो, म्हणून रिंगेचे दाते तेवढ्याच जागी झिजतात. उपाय सोपा आहे. किल्ली बंद करून स्टॉप ओढा, मोठ्या गिअरमध्ये टाका, ट्रॅक्टर वीतभर मागेपुढे ढकला, परत न्यूट्रलला आणा, स्टॉप आत सारा. रिंग जरा फिरते, नवे दाते समोर येतात. पोरांना ही जादू वाटते, वाटू द्यावी.

सेल एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये मिनिटभर थांबावं. “लागतोय, लागतोय, सोडू नको” असं ओरडणाऱ्याला नवीन सेल्फची किंमत विचारावी.

*ठळक अक्षरांत सूचना* : जमिनीवर उभं राहून स्क्रू ड्रायव्हरने सेल्फची दोन टोकं जोडून ट्रॅक्टर चालू करू नये. असं केल्याने क्लचचा आणि न्यूट्रलचा बंदोबस्त बाजूला राहतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर लागताक्षणी पुढे सरतो आणि तुम्ही बरोबर मागच्या मोठ्या चाकासमोर उभे असता. या मार्गदर्शिकेत विनोदाला जागा नसलेली ही पहिली ओळ आहे. आणखी दोन-तीन येतील.

पायरी ४ : सायलेन्सरकडे बघा

इंजिन बऱ्यापैकी फिरतंय, पण लागत नाही. आता कुणीही पंपाला हात लावायच्या आधी एकाने बॅटरीचा उजेड सायलेन्सरच्या तोंडावर धरावा आणि दुसऱ्याने सेल मारावा. जमलेल्यांच्या तोंडची वाफ आणि बिड्यांचा धूर वजा करून काय उरतं ते पाहा.

पांढरा धूर येत असेल तर आनंद माना. डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, फक्त पेट घेत नाही. गरज उबेची आहे. थेट पायरी ६ वर जा.

धूरच नसेल तर डिझेल पोचत नाहीये. पायरी ५.

लागल्यानंतरही धूर बोलतो. काळा असेल तर हवा कमी पडतेय, एअर क्लीनर तुंबलाय किंवा डिझेल जास्त जातंय. निळा असेल तर ऑइल जळतंय. आणि इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर सुटतोय, रेडिएटरचं पाणीही कमी होतंय, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी आणि कांदा विकून आलेल्या पैशांबद्दल घरात एवढ्यात काही बोलू नये.

पायरी ५ : डिझेलचा माग

आधी डिझेलच्या वयाची चौकशी करा. आपल्याकडे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात विकायच्या डिझेलचे निकष वेगळे आहेत. गार झाल्यावर डिझेलमधलं मेण बाहेर पडतं आणि फिल्टरला लेप बसतो. डिझेल किती गारठ्यापर्यंत फिल्टरमधून जायलाच हवं याची भारतीय मानकातली मर्यादा हिवाळी डिझेलला ६ अंश आणि उन्हाळी डिझेलला १८ अंश आहे. पंपावर मिळणारं डिझेल बहुधा या मर्यादेपेक्षा बरं निघतं, म्हणून निफाडात त्याने सहसा अडत नाही. पण भाव वाढणार म्हणून वैशाखात ड्रम भरून ठेवला आणि तोच पौषात टाकीत ओतला, तर फिल्टरमध्ये साजूक तूप गोठल्यासारखं दिसेल.

खऱ्या थंडीची गोष्टच वेगळी. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये पानिपतच्या रिफायनरीतून खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. त्याआधी तिकडचे ड्रायव्हर डिझेल पातळ करायला रॉकेल मिसळत. ही युक्ती आपल्याकडे कुणी सुचवली तर नम्रपणे नकार द्यावा. डिझेल पंपाला आतून वंगणही तेच देतं, रॉकेलने ते वंगण घटतं आणि पंपाचं काम निघतं.

दुसरी शंका पाण्याची. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रभर हवा असते, गारठ्याने त्या हवेतली वाफ टाकीच्या पत्र्याला दवासारखी धरते आणि खाली उतरते. डिझेलपेक्षा पाणी जड, म्हणून ते तळाशी, फिल्टरच्या वाटीत जमतं. वाटीखालचा स्क्रू सैल करा, आलेला द्रव बाटलीत धरा. वर लालसर-पिवळं आणि खाली स्वच्छ असे दोन थर दिसले तर खालचं पाणी आहे. चाखून खात्री करणारे आबा प्रत्येक गावात असतात. त्यांना करू द्यावी, मात्र आपण शिकू नये.

तिसरं आणि सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे पंपाने एअर घेतली. रबरी पाइप जुना, चिरलेला. थंडीत तो आकसून ताठ होतो, जोडाला केसाएवढी फट पडते, रात्रभरात डिझेल टाकीकडे परततं आणि त्याची जागा हवा घेते. एअर काढायचा क्रम टाकीकडून नोझलकडे : आधी पहिल्या फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, फीड पंपाची हातदांडी खालीवर मारा, बुडबुडे थांबून नितळ धार आली की आवळा. मग दुसरा फिल्टर. मग पंपावरचा स्क्रू. शेवटी नोझलच्या पाइपांच्या नटांना अर्धा फेरा सैल देऊन सेल मारा, डिझेल उसळलं की एकेक नट आवळा.

हात पुसायचं फडकं जवळ ठेवा, पण नोझलच्या पाइपातून उडणाऱ्या धारेसमोर बोट धरू नका. तिच्या दाबाने डिझेल कातडी भेदून आत शिरतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवायची वेळ येते. ही दुसरी ओळ.

स्क्रूखालचे तांब्याचे वॉशर पडले तर लगेच शोधा. अंधारात, धुळीत, आठ माणसांच्या पायांत ते सापडत नाहीत. वॉशर नसेल तर तिथूनच हवा शिरते आणि उद्या पहाटे हाच कार्यक्रम पुन्हा होतो. रोज सकाळी दहा-वीस हातपंप मारल्याशिवाय ट्रॅक्टर लागत नसेल, तर गळती कुठे आहे याचा शोध घेतला पाहिजे. बहुतेक लोक हातपंप मारणारा मुलगा तयार करतात.

पायरी ६ : ऊब

डिझेल पोचलं, फेरा बरा आहे, पांढरा धूर निघतोय. आता इंजिन गरम करायचं.

अनेक जुन्या ट्रॅक्टरांना कारखान्यानेच हीटर दिलेला असतो. कुठे सिलिंडरात प्लग, कुठे हवा आत जाते तिथे तापणारी कॉइल. किल्ली हीटरवर वीसेक सेकंद धरायची, मग सेल. अट एवढीच की हीटरची वायर जागेवर हवी. बहुधा ती कुणीतरी उपटून टेपला जोडलेली असते.

हीटर नसेल तर उत्तम उपाय म्हणजे बंब. रेडिएटरचं गार पाणी खालच्या कॉकमधून सोडून द्यायचं आणि बंबातलं गरम, पण उकळतं नव्हे, असं पाणी सावकाश ओतायचं. थोडं थोडं, म्हणजे गार लोखंडाला धक्का बसत नाही. लायनरभोवती ऊब धरली की पाच-सात मिनिटांत इंजिनाचा स्वभाव बदलतो. रेडिएटरमध्ये कूलंट असेल तर ही पायरी गाळा, ते फेकायला महाग आहे. दुसरी अडचण घरातली. ज्या बंबाकडे तुम्ही बादली घेऊन निघालात, त्यातलं पाणी आजीच्या आंघोळीसाठी चारपासून तापतंय. आजींना ट्रॅक्टरचं महत्त्व पटवायला जाऊ नका, त्यांनी तो आणला तेव्हाचे हप्ते फेडले आहेत. निम्मं पाणी मागा, बंबात तेवढंच गार पाणी भरा, चार शेणकुटं घाला आणि मगच निघा.

पंपावर मात्र गरम पाणी ओतू नये. त्याचे आतले भाग अगदी नेमक्या मापाचे बसवलेले असतात, एकदम तापून ते जाम होऊ शकतात.

करू नयेत अशा तीन गोष्टी, ज्या कुणीतरी हमखास सुचवतो :

एअर क्लीनरचा पाइप काढून तोंडाशी डिझेलचा काकडा पेटवून धरणे. इंजिन ज्वाळा आत ओढतं हे खरं. त्याबरोबर राख, जळकी चिंधी आणि एखादेवेळी धरणाऱ्याच्या मफलरचं टोकही ओढतं.

ईथरचा फवारा मारणे. ईथर फार लवकर पेटतं. हीटर तापलेला असेल तर पाइपातच भडका उडतो आणि नाही उडाला तरी पिस्टनला हातोड्याचा दणका बसतो. काही ट्रॅक्टरांना नंतर त्याची सवय लागल्यासारखं होतं. खरं म्हणजे रिंगा झिजत जातात आणि फवाऱ्याशिवाय भागत नाही.

चेंबरखाली शेकोटी करणे. चेंबरवर वर्षानुवर्षांचं ऑइल आणि माती यांचा थर असतो, शेजारी रबरी डिझेल पाइप आणि वर टाकी. या पद्धतीने ट्रॅक्टर कायमचा गरम झाल्याची उदाहरणं आहेत.

पायरी ७ : ढकलणे

बॅटरी गेली, केबल लावायला दुसरा ट्रॅक्टर नाही, तेव्हा उतार. आधी ट्रॉली सोडा. भरलेल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर उतारावर सोडणाऱ्याला ब्रेकवर फार श्रद्धा असावी लागते. चालवायला अनुभवी माणूस बसवा, स्टॉप आत, क्लच दाबलेला, गिअर वरचा. खालचा घेतला तर चाकं घासत थांबतात. वेग आला की क्लच सोडायचा आणि इंजिन धरलं की लगेच दाबायचा. पुढे कुणी उभं राहायचं नाही. ढकलणाऱ्यांनी मागच्या चाकांच्या मध्ये राहायचं नाही, चाकाला हात लावून रेटायचं नाही. ही तिसरी ओळ.

जुन्या ट्रॅक्टरचं घर ओळखायचं असेल तर अंगणाचा उतार बघा. कोबा करताना गवंड्याला तो मुद्दाम ठेवायला सांगितलेला असतो.

पायरी ८ : लागल्यानंतर

आधी ऑइल प्रेशरचा काटा किंवा दिवा बघा, असल्यास. लगेच रेस वाढवून आरोळी ठोकू नका. घट्ट ऑइल वरच्या भागांपर्यंत पोचायला वेळ लागतो, तोवर लोखंडावर लोखंड घासत असतं. मंद रेसवर चार-पाच मिनिटं द्या. बंद शेडमध्ये असाल तर दारं उघडा, धूर जीव घेतो.

गर्दी पांगायला लागली की कुणीतरी म्हणेल, “चहा होईपर्यंत बंद कर, डिझेल कशाला जाळतो?” या वाक्यापासून सावध. उतरलेली बॅटरी भरायला अजून अर्धा-पाऊण तास इंजिन चालायला हवं.

दिवस चढला तरी इंजिन तापतच नसेल, तर थर्मोस्टॅट आहे का ते मिस्तरीला विचारा. उन्हाळ्यात तापलं म्हणून कधीतरी तो काढून फेकलेला असतो. मग इंजिन हिवाळाभर गारच चालतं, डिझेल जास्त खातं आणि ऑइलही लवकर खराब करतं.

पायरी शून्य

ही पायरी खरं तर आदल्या दिवशी संध्याकाळी सहाची आहे. ती शेवटी दिली, कारण आधी दिली असती तर पुढचं कुणी वाचलं नसतं आणि या पायरीवर तर कुणीच थांबलं नसतं.

संध्याकाळी टाकी पूर्ण भरा, म्हणजे आत दव धरायला जागा राहत नाही. फिल्टरच्या वाटीतलं पाणी काढा. टर्मिनल हलवून बघा, बॅटरीचं पाणी बघा. बॅटरी सुटी करून घरात, चुलीपासून दूर पण उबेला ठेवता आली तर निम्मं काम झालं. टेपची वायर काढा आणि कुणाला सांगू नका. ट्रॅक्टर गोठ्याच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून लावा. इंजिन निवल्यावर बॉनेटवर गोणपाट आणि वर ताडपत्री टाका, पहाटे ती काढायची आठवण किल्लीला बांधा, नाहीतर पंखा गोणपाट ओढतो. चेंबरमधलं ऑइल कधी बदललं ते आठवत नसेल तर ते बदला, आणि इंजिनाच्या पुस्तिकेत चालत असेल तर थंडीपुरतं १५डब्ल्यू-४० घाला, ते २०डब्ल्यू-४० पेक्षा गारठ्यात सैल राहतं. स्टॉपच्या तारेला दोन थेंब ऑइल सोडा.

सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम आहे. तरीही ते होत नाही आणि त्याचं कारण यंत्रशास्त्रात सापडणार नाही. पहाटे आठ जणांना घेऊन ट्रॅक्टर ढकलणाऱ्याची गोष्ट पारावर महिनाभर चालते, एअर काढणाऱ्याला मिस्तरी म्हणतात, काकडा धरणाऱ्याच्या जळक्या भुवया लोक कौतुकाने बघतात. संध्याकाळी एकट्याने टाकी भरून टर्मिनल आवळणाऱ्याबद्दल मात्र सांगण्यासारखं काही घडतच नाही. त्याचा कांदा तेवढा लासलगावला सकाळच्या सत्रात विकला जातो.